रविवारी चालणारा कॉम्प्युटर

लाईट गेली की मला काही वाटत नाही. ती परत आली की वाटतं.

यंदाचा वळीव झाला त्या दुपारीही तसंच झालं. तीनच्या सुमाराला आमच्या पालम गावावर धूळ चढली. समोरच्या किराणा दुकानाचे पत्रे वाजले, माझ्या दुकानाबाहेर टांगलेल्या साड्या आडव्या झाल्या आणि लाईट गेली. मी साड्या आत ओढल्या, शटर अर्धं खाली घेतलं आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसून राहिले. चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास सुटला, आणि पाऊस आमच्याकडे पाठ करून निघून गेला. तासाभरानं गल्लीत ओरडा झाला, "आली, आली". दुकानामागच्या घरात फ्रीज घुरघुरला, कूलर थरथरला, पंख्यानं अंग झाडलं. सगळं एकदमच सुरू झालं. त्या गलक्यात माझा कान आणखी एक आवाज शोधत राहतो, अगदी लहानसा, टुक असा. कॉम्प्युटर सुरू होताना करतो तो. तीन उन्हाळे झाले, तो आमच्या घरात आलेला नाही. मागच्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल मात्र आहे. त्याच्यावर मी ब्लाऊजपीसच्या घड्या ठेवते.

दत्ता माझा धाकटा भाऊ. परभणीला एका कार्यालयात कारकून आहे. तो कॉम्प्युटर त्यानं मला भाऊबीजेच्या ओवाळणीत दिला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात परत नेला. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलं आहे. ऐकणारा मान हलवतो. बहिणीच्या ताटात घातलेली वस्तू भावानं उचलून नेली म्हटल्यावर आणखी काय सांगायला लागतं? वाक्य खोटं नाही. खरं असून इतकं खोटं वाक्य मात्र मी दुसरं बोललेली नाही.

माझं सगळं आयुष्य भाव करण्यात गेलं. सतराव्या वर्षी डोक्यावर कापडाचं गठुडं घेऊन ताडकळसच्या बाजारात बसले, तिथून इथवर आले. आज माझ्या नावाची पाटी आहे, काचेचं कपाट आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच मला कळतं की ते घ्यायला आलंय की नुसतं बघायला. व्यापाऱ्याच्या पेढीवर मी बसले की तो आधी चहा मागवतो आणि मग कपाळ पुसतो. राग माझा नाकावर. एकदा एका बाईनं साडी चुरगाळून "हे पोतं हाय" म्हटलं, तर मी तिच्या हातातून ती हिसकून घेतली आणि दुप्पट भाव दिला तरी विकणार नाही म्हणाले. भाव करताना मी एक नियम कधी मोडला नाही. आपल्या मालातलं उणं आपण आधी बोलायचं नाही. साडीला डाग असला तर गिऱ्हाइकाचं बोट त्याच्यावर पडेपर्यंत तो आपल्यालाही दिसत नसतो. दुकानात हे चालतं. मी ते घरात वापरलं.

दत्तावर माझा राग जुना. आमचे आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. मागे धाकट्याला भाकरी करून घालायला आणि शाळेत धाडायला कोणीतरी हवं. मी नववीत होते. मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. शाळा भरली त्या सकाळी माझं दप्तर दत्ताच्या पाठीवर होतं, आणि मी दारात उभी राहून त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावत होते. तो शिकला, टायपिंगची परीक्षा पास झाला, नोकरीला लागला. वाईट काही झालं नाही. पण ते दप्तर माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

म्हणून त्या भाऊबीजेला तो कॉम्प्युटर घेऊन आला तेव्हा मला खरं तर रडू आलं होतं. तोंडातून निघालं ते असं:

"जुना दिलास व्हय रे?"

"जुना न्हाई ताई, वापरलेला हाय," दत्ता म्हणाला. "मी यावरच टायपिंग शिकलो. तुझं नववीत सुटलं ते हितून धर."

"अन् टेबल? का मांडीवर घिऊन बसू?"

आमचे हे कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "दत्ता, पळ बाबा. खुर्ची मागायच्या आत पळ."

पुढच्या आठवड्यात टेबल आलं. खुर्चीही आली.

मग त्याचे रविवार सुरू झाले. सकाळच्या बसनं तो यायचा, संध्याकाळच्या बसनं परत जायचा. मी टेबलाशी, तो मागे उभा. कुठलं बोट कुठल्या अक्षरावर, हे तो माझी बोटं धरून शिकवायचा. "ताई, ही बोटं कापड मोजायची हायत, लय पळतेत. जरा दमानं." मी त्याच्या हातावर चापट मारायची. तीन महिन्यांत मी न बघता लिहायला लागले. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना मागे जाऊन एक पान टाईप करायची, नववीत लिहायचं राहून गेलेलं काहीतरी. उन्हाळ्यात मराठी टायपिंगची परीक्षा होती. दत्तानंच फॉर्म भरला. त्यावर लावायचा फोटो काढताना मी दुकानातली सगळ्यात भारी साडी नेसले होते, आणि कितीतरी वर्षांनी मला कोणाचा हेवा वाटत नव्हता.

तो वळीव त्या उन्हाळ्याचा. खांबावरून आमच्या घरात येणाऱ्या दोन तारांतली एक वाऱ्यानं तुटली. एक तार लाईट आणते आणि दुसरी ती परत नेते, एवढं मला आता समजतं. तुटली ती परत नेणारी. लाईनमनला गाठलं तर तो म्हणाला, तालुक्यात खांबच्या खांब आडवे झालेत, तुमच्याकडे यायला आठ दिवस लागतील. आठ दिवस अंधारात बसणारी मी नव्हे. मी मारुती वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, नवी तार आणावी लागेल, खांबावर चढायची परवानगी काढावी लागेल. मी म्हणाले, तार नको अन् परवानगी नको, आहे त्यातच लाईट लाव. बराच वेळ झोंबाझोंबी झाली. शेवटी मारुतीनं घाम पुसला आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बरेच जण करतात तो उपाय केला. परसात शेवग्याच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा आहे. घरातली परतीची तार त्यानं त्या खड्ड्यातल्या सळईला जोडून टाकली. तुटलेल्या तारेचं काम आता जमिनीनं करायचं.

"हे चारच दिवसासाठी हाय, अक्का," मारुती म्हणाला. "लाईनमन आला की पयलं खांबावरून जोडून घ्या. अन् तवर..."

तवर काय, ते मी ऐकलं नाही. पाण्याचं काहीतरी होतं. मी त्याच्या पिशवीकडे बघत होते. आमच्या घरातला उरलेला वायरीचा तुकडा त्यानं आत घातला होता आणि तो बाहेर कसा काढायला लावायचा याचा मी विचार करत होते. तुकडा काढायला लावला. हातभर होता. तो आजही माळ्यावर पडून असेल.

आठ दिवसांनी लाईनमन गल्लीत येऊन हाक मारून गेला म्हणे. मी ताडकळसच्या बाजाराला गेले होते. लाईट तर चालू होती. मग कोण कशाला मागे लागतंय?

आठवडा बरा गेला. मग एका बुधवारी दुपारी लाईट गेली, आली, आणि कॉम्प्युटर सुरू केला तर पडदा उजळला, काळा झाला, परत टुक, परत उजळला, परत काळा. मी हात लावत नव्हते, तरी तो आपला आपण बंद व्हायचा आणि आपला आपण चालू. कधी दहा मिनिटं शांत राहायचा. मला वाटायचं, सुटला. मी अर्धं पान लिहीत यायची आणि तिकडे स्वयंपाकघरात फ्रीजनं घुर्र केलं की इकडे पान गडप. लिहिलेलं मध्येमध्ये जपून ठेवायला दत्तानं शिकवलं होतं. रागाच्या भरात ते कोणाला आठवतं?

"तुझा डबा मेला," मी फोनवर म्हणाले.

"म्येला न्हाई ताई, घाबरलाय. रविवारी येतो."

रविवारी तो पेचकस घेऊन आला. त्यानं पेटीचं झाकण काढलं, धूळ फुंकली, ब्रशनं झटकली. आतली एक हिरवी पट्टी उपसून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, अगदी शाळेत चुकलेलं खोडावं तसा, आणि पट्टी परत खट् करून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. दत्ता खुशीत गेला. सोमवारही बरा गेला. मंगळवारी संध्याकाळी एकदा झटका. बुधवारी पुन्हा सगळं तेच.

पुढच्या रविवारी त्यानं आतली रुपयाएवढी गोल बॅटरी बदलली. दिवसभर चालला. गुरुवारी बंद. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं पेटीला वीज देणारा आतला डबाच नवा आणून बसवला. चालला. बुधवारी बंद. बिघाड झाला तर आपोआप परत सुरू न होता काय बिघडलंय ते पडद्यावर लिहून दाखवेल, अशी काहीतरी खूण त्यानं आत करून ठेवली. पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता अंधार आणि परत टुक. दत्ता कपाळाला आठी घालून म्हणाला, "आजार आतला वाटंना गेलाय ताई. भाईरचा वाटायलाय."

"भाईरचा म्हंजी कुठला? माझा?"

"तसं न्हाई म्हनलं मी."

"तू आलास की गपगुमान चालतोय अन् तू गेलास की बिघडतोय. मला खुळी समजतोस व्हय? काढून टाकायचा होता, बहिनीच्या गळ्यात मारलास."

तो हसला, पण पहिल्यासारखा नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो लाईट गेल्यावर थोडा वेळ चालवणारा एक जड डबा घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून तो डबा दर थोड्या वेळानं टीं टीं करायला लागला. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, घरात पोपट पाळलाय का. मी त्याची पिन ओढून टाकली.

आता सांगते रविवारचं काय होतं ते. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि आमचा वार रविवार. सकाळी सहाला नळ सुटला की सगळी गल्ली पाण्यात. पिंप भरायचे, माठ भरायचे, आठवड्याचं धुणं काढायचं. उन्हाळ्यात गोधड्याही. धुण्याच्या दगडावरून ते साबणाचं पाणी परसात उतरतं आणि शेवग्याच्या बुडाशी जाऊन मुरतं. अगदी त्या खड्ड्यात. ओली जमीन तारेचं काम बरं करते. मग आमची काळी माती सुकायला लागते. बुधवारपर्यंत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, सळईभोवतीची माती सुटते आणि जमिनीला लाईट नीट पेलत नाही. दिवे मंद होतात, फ्रीज सुरू झाला की आणखी मंद, आणि कॉम्प्युटरसारखं नाजूक यंत्र जीव सोडतं. लाईट जाऊन परत आली की फ्रीज, कूलर, पंखे एकदम ओढायला लागतात, म्हणून तेव्हा तर हमखास. रविवारी दत्ता बसमधून उतरायचा तोवर माझं धुणं झालेलं असायचं. खोडरबरानं काही होत नव्हतं आणि नव्या डब्यानंही नाही. माझ्या गोधड्यांच्या पाण्यावर तो कॉम्प्युटर चालत होता.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तेवढ्यापुरती मी सुटते. त्यापुढे सुटत नाही.

कारण मग तो गुरुवार आला. परीक्षेला बारा दिवस राहिले होते. दत्तानं रजा काढली आणि न कळवता आला. रविवार सोडून एकदा बघायचंच असं त्यानं ठरवलं होतं. ऊन इतकं होतं की शेवग्याची पानं खाली मान घालून होती. तो टेबलापाशी उकिडवा बसला, तारा बघितल्या, मंद दिव्याकडे बघितलं आणि विचारलं,

"ताई, वळीव झाल्यापसून घरातल्या वायरिंगमधी काय केलंयस का?"

मला मारुती आठवला. सळई आठवली. तिचा याच्याशी संबंध आहे हे मला कळत नव्हतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं. एक शब्द होता, व्हय. तो दिला असता तर महिनाभर मी त्याला जे जे बोलले ते सगळं परत घ्यावं लागलं असतं. गिऱ्हाइकाचं बोट डागाच्या अगदी जवळ आलं होतं.

"काय करनार? कायबी केलं न्हाई," मी म्हणाले.

वायरिंगचं काम जाणणारा माणूस लोखंडाला आधी बोटांची उलटी बाजू लावून बघतो. करंट असला तर हात झटकून मागे येतो. सरळ पंजा लावला तर बोटं आवळून धरतात. हे दत्तानंच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी त्यानं उलटी बोटं लावली नाहीत. बहिणीनं काही केलं नाही म्हटल्यावर त्यानं कॉम्प्युटरची लोखंडी पेटी पुढे ओढायला सरळ पंजा ठेवला.

बोटं आवळली, मग सुटली, आणि तो मागे भिंतीवर आदळला. खुर्ची पडली. दत्ता उठून बसला, उजवा हात डाव्या हातात धरून. दातांतून श्वास जात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्यांदा, अगदी हळू, विचारलं, "ताई, खरंच काय केलं न्हाई?"

"परभनीत राहून कातडं पातळ झालं तुझं," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. तीन वर्षांत या वाक्याला मी कितीतरी जागा शोधून दिल्या. घाबरले होते, रागात होते, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. एकाही जागी ते बसत नाही.

दत्तानं पडलेली खुर्ची डाव्या हातानं उभी केली. मग म्हणाला, "मंग खराबी यातच असंल. नेतो. नीट करून आनतो."

"नीट झाला तर आन. न्हाई तर तिकडंच ठिव. असली भिकार ओवाळनी माझ्या घरात नको."

त्यानं पेटी एका जुन्या चादरीत बांधली, पडदा दुसऱ्या चादरीत. आमचे हे त्याला स्टँडवर सोडायला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "मांडीवर घिऊन बसलाय बशीत. येका हातानं धरलंय. दुसरा उचलंना गेलाय."

नंतर त्याचे चार-पाच फोन आले. मी एकही उचलला नाही. परीक्षेलाही गेले नाही. "भावानं मशीन नेलं, कशावर सराव करू?" असं विचारायला मला आवडायचं. फॉर्मवरचा तो भारी साडीतला फोटो मी कोणाला दाखवला नाही.

तीन आठवड्यांनी, पेरणीच्या तोंडावर, लाईनमन दारात उभा राहिला. म्हणाला, तुमच्या घरची तक्रार आहे. परसात गेला, सळईला जोडलेली तार बघितली आणि डोक्याला हात लावला. "बाई, जीव जायचा ना एखाद्याचा. फ्रीजला, कॉम्प्युटरला वल्या हातानं शिवला असता कुनी म्हंजी?" त्यानंच मला ओल्या आणि कोरड्या मातीचं सगळं समजावून सांगितलं, आणि माती सुकली की त्याच सळईतून करंट उलटा यंत्रांच्या लोखंडावर चढतो हेही. तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे रविवार एकामागून एक उभे राहत होते. तो खांबावर चढला, तार जोडली आणि गेला. त्या संध्याकाळी घरातले दिवे इतके उजळले की भिंतीवरचे डाग दिसायला लागले.

मी काय केलं? शेजारणीशी भांडले. तक्रार तिनंच केली असणार, असं धरून तिला गल्लीत उभं करून नाही नाही ते बोलले. ती बिचारी हातात पिठाची परात घेऊन ऐकत राहिली.

आणि दत्ताला कळवलं नाही. आज, उद्या, पुढच्या आठवड्यात असं करत पाऊस आला, माती भिजली, दिवाळी झाली. भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, साडी ठेवली आणि चहा घेऊन निघाला. टेबलाकडे त्यानं बघितलं नाही. बोलले असते तर माझ्यापाशी काय उरलं असतं? दप्तरापासून जपलेली एक तक्रार होती माझी, तिच्यावर मी उभी होते. इतकी वर्षं तो देणेकरी आणि मी मागणारी. जागा बदलायला मन घेईना.

पुढच्या उन्हाळ्यात मामाच्या घरचं लग्न झालं. मांडवात बायका बसल्या होत्या, दत्ताची बायको वंदना होती, तिच्या माहेरची माणसं होती. कोणीतरी सहज विचारलं, यंदा भावानं काय घातलं? मी म्हणाले, "आमच्याकडं भाऊ घालतोय अन् परत नेतोय." बायका हसल्या. वंदनाचं तोंड उतरलं. दत्ता पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होता. त्याला ऐकू गेलं. तो वळला नाही, पुढच्या पानापाशी वाकून पाणी वाढत राहिला. हे मी मला सगळं कळल्यानंतर, वर्ष उलटून गेल्यावर बोलले. न कळता केलेलं माणूस सोसू शकतं. कळल्यावर केलेलं मात्र वळीव आला की परत येतं.

यंदा ते जास्त आलं. कारण सांगता येत नाही. लाईट आली, सगळं घरघरलं, आणि मी टेबलावरच्या घड्या उचलून खाटेवर ठेवल्या. मोकळ्या टेबलावर दहा बोटं ठेवून बघितली. ती आपोआप आपापल्या जागी गेली. एकही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परभणीची बस धरली. माल घ्यायला मी महिन्यातून दोनदा तिथे जातेच, पण बाजारातून सरळ स्टँड. या खेपेला रिक्षावाल्याला दत्ताच्या गल्लीचं नाव सांगितलं. सवयीनं भाव करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दार वंदनानं उघडलं. "या," एवढंच. बैठकीच्या कोपऱ्यात तो कॉम्प्युटर सुरू होता. पडद्यावर दत्ताचं काहीतरी कार्यालयाचं काम अर्धवट उघडं होतं. वंदनानं पाणी आणून दिलं आणि मी कुठे बघतेय ते बघून म्हणाली,

"तीन वर्सात येकदाबी बंद पडला न्हाई, ताई. आनला त्याच दिवशी सुरू केला ह्यांनी. रातंपर्यंत बसून व्हते फुडं. आता बंद पडंल, मंग पडंल."

"मंग मला बोलला कामून न्हाई?"

"फोन कोन उचलना गेलं व्हतं?" वंदनाचा आवाज वर गेला नाही. "तुमच्या घरात करंट उतरायलाय, ताईला धक्का बसंल, म्हनून दोन रात्री झोपले न्हाईत. मंग सोता पालमला जाऊन तक्रारीचा अर्ज दिऊन आले. लाईनमनच्या पाया पडायचं बाकी ठिवलं."

पाण्याचा पेला माझ्या हातात होता. "पालमला आला व्हता? घरी आला न्हाई?"

"स्टँडवरूनच माघारी आले. म्हनले, दाराशी गेलो तर ताईला वाटंल चूक दाखवायला आलो." तिनं दाराकडे बघून घेतलं. "लग्नात तुमी बोललात तवा मी तोंड उघडनार व्हते. ह्यांनी पानी वाढता वाढता नुसती नको म्हनून मान हलवली. आता मी बोललेली त्यांना सांगू नका."

मला शेजारीण आठवली, परात घेऊन उभी असलेली.

दुपारी दत्ता जेवायला आला. कानशिलापाशी केस पांढरे झालेत. मला बघून दारातच थबकला, मग "कवा आलीस?" म्हणत चपला काढायला लागला. मी रस्ताभर पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. आलं ते नेहमीचंच, मागण्याचं.

"माझा कॉम्प्युटर परत दे."

दत्तानं माझ्याकडे पाहिलं.

"ओवाळनी हाय माझी. घरातली वायरिंग नीट झालीय आता."

"कवा झाली?"

"तीन वर्सं झाली."

त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. त्याची पाठ माझ्याकडे होती. आतून वंदनाच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हंजी लग्नाच्या आधी," दत्ता म्हणाला.

"व्हय. लग्नाच्या आधी. अन् त्या गुरवारी तू इचारलंस तवा वायरिंगमधी मी केलेलं व्हतं. मी न्हाई म्हनले."

पंखा फिरत होता. दत्ता पाठमोराच उभा होता, आणि मला त्याच्या शर्टाची कॉलर दिसत होती, मागून एका बाजूला दुमडलेली. उठून ती सरळ करावी असं वाटलं. उठले नाही. तो हक्क आता मागून मिळणार नव्हता.

तो न वळताच म्हणाला, "जेवून जा. रविवारी आनतो."

रविवारी नळ आला. मी धुणं काढलं नाही. शेवग्याचं बूड कोरडंच राहू दिलं. साडेदहाच्या बसनं दत्ता आला, दोन्ही हातांत चादरीची दोन गाठोडी. मी टेबल पुसून ठेवलं होतं. त्यानं पेटी ठेवली, पडदा ठेवला, तारा जोडल्या. कूलर सुरू होता, फ्रीज सुरू होता. त्यानं बटण दाबलं. टुक झालं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

"कायबी केलेलं न्हाई आता," मी म्हणाले. हे खरं होतं.

दत्तानं मान हलवली. पेटी भिंतीकडे सरकवायची होती. त्यानं हात पुढे केला, अर्ध्यात थांबवला, मनगट वळवलं आणि बोटांची उलटी बाजू लोखंडाला लावून बघितली. करंट नव्हता. त्यानं हात मागे घेतला, माझ्याकडे न बघता, आणि पुन्हा एकदा उलटी बोटं लावून बघितली.